नागर अद्भुत कादंबरी आणि किशोर वाचक : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

किशोरवयीन मुलामुलींच्या हाती कोणती अद्भुत कादंबरी द्यावी, असा प्रश्न माध्यमिक शाळांतील शिक्षक आणि तालुक्याच्या गावांतील ग्रंथपाल वारंवार विचारीत असतात. प्रश्नाबरोबर बहुधा एक अटही येते : कादंबरी सोज्ज्वळ असावी. अट रास्त आहे. परंतु ‘सोज्ज्वळ’ ह्या शब्दाचा अर्थ गृहीत धरला जातो, त्याची फोड केली जात नाही. ज्या पुस्तकात शृंगार नाही, शिवीगाळ नाही, मद्यपान नाही ते सोज्ज्वळ, अशी एक अभावात्मक व्याख्या रूढ झालेली आहे. ती अद्भुत कादंबरीला लावून पाहिली म्हणजे तिचा अपुरेपणा लगेच ध्यानात येतो. अद्भुत कादंबरीचा मुख्य विषय शक्ती हा असतो. ती शक्ती कोणाला मिळते, कशाच्या मोबदल्यात मिळते आणि संकटातून सोडवणूक अखेर कोण करतो, ह्यांवर त्या कादंबरीची नैतिक प्रकृती ठरते. शृंगाराचा लवलेश नसलेली कादंबरी ह्या बाबतीत वाचकाला पार पांगळा करून सोडू शकते, आणि भयाने अंगावर काटा आणणारी एखादी कादंबरी त्याला स्वतःच्या पायांवर उभा करू शकते.

प्रस्तुत विवेचनात ‘नागर अद्भुत’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. गुलबकावलीच्या कथेतील किंवा विक्रम-वेताळाच्या गोष्टींतील अद्भुत हे दूरच्या देशात आणि दूरच्या काळात घडते. वाचक तेथे पाहुणा म्हणून जातो. नागर अद्भुतात याच्या उलट घडते. यक्ष, राक्षस, चेटूक, शापित वस्तू ही सारी मंडळी वाचकाच्या परिचयाच्या, आजच्या शहरात येऊन उतरतात आणि बसस्थानक, बाजारपेठ, विजेचा खांब ह्यांच्या शेजारी त्यांचा वावर सुरू होतो. ह्या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले ते विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. एमा बुल ह्यांची मिनिआपोलिस शहरात घडणारी ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७) ही कादंबरी त्या नावाचे ठळक उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु वस्तू नावापेक्षा बरीच जुनी आहे, हे पुढे नेस्बिटबाईंच्या संदर्भात दिसून येईल.

मराठी गद्याच्या आरंभापासून अद्भुताचे आणि नीतीचे भांडण चालू आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ मध्ये अरबी कथांच्या भाषांतराला हात घातला. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ आली. ह्या कथांनी मराठी वाचकाला कादंबरीची गोडी लावली. पण काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ च्या आपल्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ ह्या लेखनात अशा वाङ्मयाच्या असंभाव्यतेवर कठोर टीका केली. पुढे वास्तववादाने आघाडी घेतली; अद्भुताला मुलांच्या खोलीत धाडण्यात आले आणि तेथे ते ‘बालवाङ्मय’ म्हणून राहिले. ह्या वाटणीत किशोर मात्र उपेक्षित राहिला. परीकथा त्याला लहान पडते, आणि प्रौढांची गूढकथा त्याच्यासाठी लिहिलेलीच नसते.

निवड करण्याची जबाबदारी कोणाची, ह्याविषयी एक न्यायालयीन निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे. चंद्रकांत काकोडकर ह्यांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. ती कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली होती. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले, आणि लेखकाने किंवा वाङ्मयाने आपले मानदंड किशोरवयीन वाचकावरून ठरवावेत हे मान्य केले नाही. हा निर्णय योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा, की किशोराच्या वतीने निवड करण्याचे काम कायदा करणार नाही. ते शाळेला आणि ग्रंथालयालाच करावे लागते. आणि ते करावयाचे तर शिव्यांची मोजदाद करून भागणार नाही.

ह्या दृष्टीने मराठीतील सर्वांत अवघड प्रकरण नारायण धारप ह्यांचे आहे. धारप (१९२५–२००८) ह्यांनी मराठी भयकथेला शहरी वस्ती मिळवून दिली. त्यांच्या कथांतील अमानुष शक्ती भाड्याच्या खोल्यांत, जुन्या बंगल्यांत, नोकरदार कुटुंबांत शिरतात. त्यांची भाषा संयमित आहे. वातावरण हळूहळू गडद करीत नेण्याचे त्यांचे कसब मराठीत दुसऱ्या कोणाजवळ क्वचितच आढळेल. २०१८ च्या ‘तुंबाड’ ह्या चित्रपटास त्यांच्या एका कथेचा आधार आहे. चित्रपट केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेला असला, तरी त्यामुळे अनेक तरुण वाचक धारपांच्या पुस्तकांकडे वळले. म्हणजे ही पुस्तके द्यावीत किंवा न द्यावीत हा प्रश्न आता काहीसा उशिरा विचारला जात आहे. ती वाचली जातच आहेत. ती कशी वाचावीत, हा प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

धारपांच्या ‘समर्थ’ कथा घेतल्या तर रूढ अर्थाने त्यांच्याइतके सोज्ज्वळ लेखन शोधून काढावे लागेल. समर्थ हे निःस्वार्थी आहेत, अप्पा जोशी हे त्यांचे सहवासी सरळ मनाचे गृहस्थ आहेत, आणि शुभाचा अशुभावर विजय होणार ह्याची वाचकाला खात्री असते. पण संकटात सापडलेले कुटुंब स्वतः काय करते? बहुतेक वेळा ते समर्थांची वाट पाहते. ज्ञान समर्थांजवळ, सामर्थ्य समर्थांजवळ, आणि त्या सामर्थ्याची परीक्षा करण्याचे कोणतेही साधन पीडितांजवळ नाही. समर्थ सज्जन आहेत हे लेखक सांगतो म्हणून खरे मानावयाचे. कथेच्या आत हा व्यवहार निर्धोक आहे, कारण लेखक विश्वासू आहे. कथेच्या बाहेर, गावोगावी, असेच आश्वासन देणारी माणसे येतात आणि तेथे सांगणारा लेखक नसतो. उलट ‘लुचाई’ ही कादंबरी पाहावी. स्टीव्हन किंग ह्यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) ह्या कादंबरीचे हे मराठी रूपांतर ‘समर्थ’ कथांपेक्षा कितीतरी भयंकर आहे. त्यात अख्ख्या गावाला कीड लागत जाते आणि वाचकाला रात्री दिवा लावून झोपावेसे वाटते. परंतु तेथे बाहेरून कोणी सिद्धपुरुष येऊन गाव वाचवीत नाही. ज्यांना कळते त्यांनाच काही करावे लागते, आणि त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. सोळा वर्षांच्या वाचकाच्या हाती देण्यास, थोड्या सावधगिरीने, ‘लुचाई’ अधिक योग्य ठरते, हे मत प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पण वर मांडलेली कसोटी मान्य केली तर ते टाळता येत नाही.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि मराठवाड्यात ती विशेष गांभीर्याने घेतली पाहिजे. अद्भुत कादंबरी अंधश्रद्धा वाढविते काय? नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा ह्यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती. ज्या समाजाने एवढी किंमत देऊन हा कायदा मिळविला, त्याच्या शाळेत चेटकिणींच्या कथा कशाला, असे विचारणारा शिक्षक उपहासास पात्र नाही. परंतु त्याची चिंता विषयावर न रोखता रचनेवर रोखली पाहिजे. जी कथा जादूचे नियम वाचकासमोर उघड करते, जादूची फसगत दाखविते आणि तिचा हिशेब मागते, ती कथा वाचकाला प्रश्न विचारण्याची सवय लावते. जी कथा ‘हे तुझ्या आकलनापलीकडचे आहे, जाणत्याला शरण जा’ असे सांगते, ती अद्भुत नसतानाही, अगदी वास्तववादी कौटुंबिक कादंबरी असतानाही, तेच शिकविते. चेटकीण निरुपद्रवी असू शकते. शरणागती मात्र निरुपद्रवी नाही.

मराठीत ह्या कसोटीला सहज उतरणारा नायक भा. रा. भागवत ह्यांनी निर्माण केला, तो म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. ‘फास्टर फेणे’च्या पुस्तकांना अद्भुत म्हणता येणार नाही. त्यातील संकटे माणसांनी निर्माण केलेली असतात आणि पुणे हे पुणेच असते. तरीही ह्या चर्चेत भागवतांना वगळता येत नाही, कारण खेड्यातून शहरात शिकावयास आलेला, अंगाने किरकोळ, नजरेने तीक्ष्ण असा मुलगा शहर स्वतःच्या पायांनी आणि सायकलीने जिंकतो, ही किशोर-कादंबरीची पायाभूत प्रतिज्ञा त्यांनी मराठीत रुजविली. ज्यूल व्हर्न आणि वेल्स ह्यांना मराठी मुलांच्या भेटीस आणणारे भागवतही तेच. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके लहानांची. त्यांच्या गूढकथा प्रौढांच्या. मधल्या वयाला त्यांच्यापासून जे मिळावयास हवे होते ते पुरेसे मिळाले नाही, ही खंत राहते. डॉ. जयंत नारळीकरांचे विज्ञानसाहित्य हा वेगळा विषय आहे. त्याची शिफारस करण्यास येथे वाद घालण्याची गरज नाही.

भाषांतरित ग्रंथांत ‘हॅरी पॉटर’चा विचार अपरिहार्य आहे. मूळ पहिला भाग १९९७ चा. मराठी अवतारात त्याच्या नावात ‘परीस’ हा शब्द आला, आणि एका शब्दाने भाषांतराचे अर्धे काम झाले. लोखंडाचे सोने करणारा दगड मराठी वाचकाला ज्ञानदेव-तुकारामांपासून ठाऊक आहे. त्याला टीपेची आवश्यकता नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर दोन फलाटांच्या मधल्या भिंतीतून जाणारी वाट ही नागर अद्भुताची उत्तम कल्पना आहे. रोजची गर्दी आणि रहस्य ह्यांमध्ये एकाच विटेचे अंतर तिच्यात आहे. मात्र एकदा गाडी सुटली की कथा शहर सोडून निवासी शाळेत जाते, आणि पुढील बराचसा भाग शाळाकथेचा होतो. पहिले तीन भाग बाराव्या वर्षापासून निःशंकपणे द्यावेत. चौथ्या भागाच्या अखेरीपासून मृत्यू कथेत ठाण मांडून बसतो. तो भाग वाचकाने दोन-तीन वर्षांनी वाचला तर त्याचे मोल त्याला अधिक कळेल. शाळेत गुरुजन सर्वज्ञ नाहीत, चुकतात, काही वेळा सत्य दडवितात, आणि मुलांना स्वतः शोध घ्यावा लागतो. ही ह्या मालिकेची जमेची बाजू आहे.

परंतु ह्या प्रकारातील श्रेष्ठ कृती कोणती, असे विचारल्यास ॲलन गार्नर ह्यांच्या ‘एलिडॉर’ (१९६५) ह्या छोट्या कादंबरीचे नाव घ्यावे लागेल. मँचेस्टरमध्ये जुन्या गरीब वस्त्या पाडण्याचे काम चालू आहे. चार भावंडे भटकत भटकत अशा एका उजाड गल्लीत येतात आणि पडक्या चर्चमधून एलिडॉर नावाच्या मरू घातलेल्या देशात पोहोचतात. तेथे त्यांच्या हाती चार दिव्य वस्तू सोपविल्या जातात. आणि येथेच गार्नर आपल्या पूर्वसूरींपासून वेगळा होतो : मुले शहरात परतताच त्या दिव्य वस्तू भंगार होतात. भाल्याचा होतो कुंपणाचा लोखंडी गज, तलवारीच्या होतात खिळ्याने जोडलेल्या दोन फळ्या, कढईचा होतो तडा गेलेला जुना पेला, आणि रत्नशिळेचा होतो एक साधा दगड. मुले त्या बागेत पुरतात. मग त्यांच्या प्रभावाने घरातील दूरदर्शन संच बिघडतो, दाढीचे विजेवरचे यंत्र आपोआप चालू लागते, आणि वडील विजेच्या कारागिराला बोलावतात. प्रसंग विनोदी आहे आणि भयंकरही आहे. शेवटी कोणी पाठ थोपटीत नाही. एलिडॉरमध्ये प्रकाश परततो, पण त्याची किंमत मुलांच्या डोळ्यांदेखत कोणी दुसराच मोजतो, आणि मुले त्या पडक्या वस्तीत उभी राहतात. कथा तेथेच थांबते. ह्या कादंबरीत आक्षेपार्ह असा एकही शब्द नाही. तरीही मोठ्या वाचकाला ती अस्वस्थ करते, कारण कुठल्याही थोराने येऊन मुलांच्या खांद्यावरचे ओझे उचलून घेतलेले नाही.

ई. नेस्बिट ह्यांनी साठ वर्षे आधी हीच जमीन नांगरून ठेवली होती, पण हसत हसत. ‘द फीनिक्स अँड द कार्पेट’ (१९०४) मध्ये लंडनच्या कॅम्डेन टाउनमधील मुलांना जुन्या गालिच्यात एक अंडे सापडते आणि त्यातून अग्निपक्षी बाहेर येतो. तो पक्षी शहरातील एका अग्निविमा कंपनीच्या कचेरीवर आपले नाव पाहून ते आपलेच देवालय आहे असे समजतो. अशा थट्टेतून नेस्बिट शहराकडे नव्या नजरेने पाहावयास शिकवितात. ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ (१९०६) मध्ये बाबिलोनची राणी मुलांच्या वाड्यावस्तीत येऊन पोहोचते. लंडनच्या रस्त्यांवरील कष्टकरी लोकांकडे पाहून, हे तुमचे गुलाम इतके दीनवाणे का, त्यांना नीट का वागवीत नाही, असे ती विचारते. हे गुलाम नाहीत, हे कामकरी लोक आहेत, असे मुले सांगतात. राणीला त्यातील भेद उमजत नाही. हा प्रसंग बीड जिल्ह्यातील वर्गात वाचून दाखविल्यास काय होईल, ह्याची कल्पना करण्यासारखी आहे. दसरा उलटला की ह्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोपीत राहावयाचे. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. वर्गातील काही मुले त्या काळात हंगामी वसतिगृहात असतात, काही आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. बाबिलोनच्या राणीचा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

बीडचा किशोर वाचक हा पुण्यामुंबईच्या किशोर वाचकाहून वेगळा आहे, तो बुद्धीने नव्हे, पुस्तकांच्या उपलब्धतेने. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. मराठी बालवाङ्मयाचा घरोघरी पिढीजात साठा तयार होण्यास येथे विलंब लागला. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले तेव्हा अनेक खेड्यांतील शाळांना ते फार मोठा आधार वाटले असेल. आणि ज्या कथा मराठीत किशोरांसाठी लिहिल्या गेल्या त्यांचे शहर बहुधा पुणे किंवा मुंबई असते. शनिवारवाड्याजवळचे रहस्य अंबाजोगाईच्या मुलाला तितकेच दूरचे, जितके लंडनचे. फरक एवढाच की लंडन दूरचे आहे असे लेखक मान्य करतो.

वस्तुतः नागर अद्भुताची सामग्री ह्या जिल्ह्यात विपुल आहे. अंबाजोगाईचेच उदाहरण घ्यावे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडातील हत्ती, वाजंत्री, माणसे सारी दगडाची झाली, अशी कथा तेथे सांगतात. देवी अविवाहित राहिली, आणि कोकणातील अनेक कुटुंबांची ती कुलस्वामिनी असल्याने कोकणातून माणसे दर्शनास येतात. गावाजवळ हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी कोरीव लेणी आहेत; तेथील दगडी हत्ती पाहिले की ही कथा कोणी रचली असेल ह्याचे आश्चर्य वाटत नाही. तेच गाव मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांचे. पंचीकरणावरील ओव्या ज्या लांबलचक कापडावर दासोपंतांनी लिहिल्या ती पासोडी अजून तेथे आहे. इकडे सुमारे पंचवीस किलोमीटरवर परळीत ज्योतिर्लिंगाचे शिखर आणि औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी एकाच नगरात उभी राहिली. १९७१ पासून तेथे वीज निर्माण होऊ लागली, आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले. पाण्यावाचून विझलेली वीज आणि मुहूर्तावाचून थिजलेले वऱ्हाड, ह्या दोन गोष्टी एका तालुक्याच्या अंतरात आहेत. बीड शहरातील कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. आणि शहराबाहेरील निजामशाही काळातील खजाना विहीर भुयारी मार्गांनी पाणी आणते व शेतीकडे पोहोचविते. गार्नरला मँचेस्टरमध्ये एक पडके चर्च पुरले.

ह्या सामग्रीचा उपयोग करण्यासाठी बीडमधील लेखकाने वाट पाहावी असे नाही. शिक्षकाला ती आजच वापरता येते. ‘एलिडॉर’ किंवा नेस्बिट इंग्रजीत वाचणे अनेक विद्यार्थ्यांना अवघड जाईल. तेव्हा शिक्षकाने ते वर्गात मराठीतून सांगावे, आठवड्याला एक प्रकरण ह्या बेताने. मिखाएल एंडे ह्यांची मूळ जर्मन ‘मोमो’ (१९७३) तर अशा कथनाला फारच अनुकूल आहे. शहराच्या कडेला एका प्राचीन रंगमंडलाच्या भग्न अवशेषांत राहणारी निराधार मुलगी, तिचा रस्ते झाडणारा मित्र बेप्पो, आणि माणसांचा वेळ बचतीच्या नावाखाली लुबाडणारी करड्या कपड्यांतील माणसे, असा तिचा विषय आहे. उचल देऊन माणसाचे वर्ष गहाण ठेवून घेणारा व्यवहार ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना ही करडी माणसे ओळखीची वाटतील. मोमो ही सोज्ज्वळतेच्या रूढ आणि वर मांडलेल्या अशा दोन्ही कसोट्यांना उतरते. तिचा मार्गदर्शक असलेला मास्टर होरा शक्तिमान आहे, परंतु निर्णायक घटकेला त्याला झोपी जावे लागते आणि जे करावयाचे ते मोमोलाच करावे लागते. एंडेने ही योजना जाणीवपूर्वक केली असावी.

नील गेमन ह्यांच्या ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) विषयी मात्र मन दुभंगते. रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेल्या मुलीला मदत केल्यामुळे रिचर्ड मेह्यू हा सामान्य कारकून लंडनमधील इतरांना दिसेनासा होतो आणि शहराच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या लंडनमध्ये जाऊन पडतो. शहर ज्यांना पाहावयाचे नाकारते त्यांची ती वस्ती आहे. कल्पनेच्या बळाने पाहता ह्या प्रकारात तिच्या तोडीची कादंबरी थोडीच सापडेल. पण तिच्यातील दोन मारेकऱ्यांची क्रूरता लेखक चवीने रंगवितो. ही चव शाळेतील वाचकासाठी नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून ती द्यावी, त्यापूर्वी नाही.

ग्रंथालयाने कपाट लावताना पुढील क्रम सोयीचा पडेल. बारा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी ‘फास्टर फेणे’, ‘हॅरी पॉटर’चे पहिले तीन भाग आणि सांगून ऐकविलेल्या नेस्बिट व ‘मोमो’. चौदा ते सोळासाठी ‘एलिडॉर’ आणि ‘हॅरी पॉटर’चे उरलेले भाग. सोळाच्या पुढे ‘लुचाई’. आणि तिच्याबरोबर ‘समर्थ’ कथाही, परंतु त्या वाचून झाल्यावर संकटात सापडलेल्या माणसांना समर्थांशिवाय काय करता आले असते ह्यावर वर्गात चर्चा व्हावी. ती होत नसेल तर ‘समर्थ’ कथा मोठ्या माणसांच्याच कपाटात राहिलेल्या बऱ्या.

कपाटाबरोबर दिनदर्शिकाही पाहिली पाहिजे. फडावर गेलेली मुले हंगाम संपल्यावर, उन्हाच्या तोंडाशी गावी परततात. त्यांच्या हाती वेळ असतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमक्या त्याच काळात शाळेला सुटी असते व पुस्तकांचे कपाट कुलपात असते. ज्या शाळेला मुख्याध्यापकाच्या संमतीने ती किल्ली गावातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे किंवा सार्वजनिक वाचनालयाकडे सुटीपुरती सोपविता येईल, तिने हरवलेल्या पुस्तकांची भीती मनात न ठेवता ती सोपवावी. दोन-चार प्रती फाटतील, एखादी परत येणार नाही, आणि पुढच्या दसऱ्याला एखादी गाडीत बसून फडावर जाईल.